गावच्या माणसाचं नाव डोंगराला द्यायचंय? मग असं करा

गुरुजी गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या ट्रेकिंगच्या गटानं ठरवलं की गावामागच्या डोंगराला त्यांचं नाव द्यायचं. घाटमाथ्यावरचं गाव, त्याच्या वर पठारावर एक वाडी, आणि त्या वाडीतल्या मूठभर पोरांसाठी गुरुजी अख्खी नोकरी रोज तो चढ चढून गेले. पावसाळ्यातसुद्धा, डोक्यावर इरलं घेऊन. आम्हाला एवढं पुरेसं होतं. नकाशा काढला, तर त्या डोंगरावर नाव छापलेलं नव्हतं, नुसता उंचीचा आकडा. चला, बिननावाचा डोंगर मिळाला! बारा बाय आठचा फ्लेक्स छापून झाला, आणि तो काठीला गुंडाळून आम्ही वर निघालो.

अर्ध्या चढावर शेळ्या घेऊन बसलेल्या एका आजींनी काठीकडे बघून विचारलं, काय लावताय. सांगितलं. त्या हसल्या.

"बाबा, ह्याला नाव न्हाई आसं कोन म्हनलं? ह्यो रांजण्या. माझ्या आज्यापास्नं रांजण्या."

"आणि आजी, ती पलीकडची सोंड?" मी डोंगरावरून खाली उतरत आलेल्या धारेकडं बोट केलं.

"तिला काय नाव आसायचं? तिकडनं गुरुजी यायचं."

तो फ्लेक्स अजून माझ्या माळ्यावर आहे. पाऊस आला की गाडीवर घालतो. आजींचं ते शेवटचं वाक्य मात्र पुढची तीन वर्षं आम्हाला पुरलं, आणि त्या तीन वर्षांत जे शिकलो ते इथं क्रमानं सांगतो. एखाद्या शिक्षकाचं, सुईणीचं, वाटाड्याचं किंवा शाहिराचं नाव डोंगराला असावं असं तुमच्या गावात कुणाला वाटत असेल, तर आमच्या चुका तुम्हाला परत करायला नकोत.

पहिलं काम: डोंगराला आधीच नाव आहे का?

सह्याद्रीत या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी "आहे" असंच येतं. नकाशावर नाव नाही याचा अर्थ एवढाच की मोजणीला आलेल्या माणसाला ते कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलेलं त्याला छापण्याजोगं वाटलं नाही.

जगातल्या सगळ्यात उंच शिखराचंही हेच झालं. १८५० च्या दशकात सर्वेक्षण खात्याच्या वह्यांत ते 'शिखर क्रमांक १५' होतं. खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांच्या गणितातून ते सर्वांत उंच ठरलं, आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. सर्वेअर जनरल अँड्र्यू वॉ यांचं म्हणणं असं की स्थानिक नाव काही सापडत नाही, म्हणून आपल्या आधीच्या साहेबाचं, जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव द्यावं. खुद्द एव्हरेस्ट यांना ते पसंत नव्हतं. हिंदुस्थानातल्या लोकांना हे नाव नीट उच्चारता येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तरी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं तेच कायम केलं. आणि तिबेटी लोकांचं 'चोमोलुंग्मा' तर १७३३ च्या एका फ्रेंच नकाशावर वेड्यावाकड्या उच्चारात का होईना, छापलेलं होतं. सापडत नाही म्हणणाऱ्यानं किती शोधलं, हा प्रश्न आपणही स्वतःला विचारायचा.

शोधायचं कुठं? कागदांपासून सुरुवात करा. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची नकाशापत्रं विभागाच्या पोर्टलवरून उतरवून घेता येतात. १८८० च्या दशकात निघालेली मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियर चाळा. त्यांत डोंगर, घाट आणि किल्ल्यांची स्वतंत्र प्रकरणं आहेत, आणि राज्याच्या दर्शनिका विभागानं ती वाचायला खुली केली आहेत. मग तलाठ्याकडचा गावनकाशा. लोक हा विसरतात. शिवाराच्या, माळांच्या, ओढ्यांच्या नावांत डोंगराचं जुनं नाव लपलेलं असतं. आमच्या बाबतीत 'रांजण्याखालचं वावर' असा शब्द एका जुन्या खरेदीखतात चक्क लिहिलेला निघाला. फ्लेक्स छापायच्या आधी तो बघितला असता तर!

कागदांनंतर माणसं. इथं कुणाला विचारता याला फार महत्त्व आहे. सरपंच, पोलीस पाटील हे लोक डोंगरावर रोज जात नाहीत. गुराखी, मध काढणारे, सरपणाला जाणाऱ्या बाया, आणि वाडीवरून दूध घेऊन खाली येणारा माणूस, हे जातात. किमान चार जणांना वेगवेगळं गाठा. प्रश्न उघडा ठेवा: बोट दाखवून "याला काय म्हणता?" एवढंच विचारा. "याला रांजण्याच म्हणतात ना?" असं विचारलंत, तर पाहुण्याचं मन राखायला समोरचा हो म्हणतो. आणि घाटावर विचारून थांबू नका, खाली कोकणातही उतरा. एकाच कड्याला वर एक नाव आणि खाली दुसरंच, हे सर्रास असतं.

नाव सापडलं, तर तो डोंगर सोडा. ही या लेखातली एकमेव अट आहे जिच्यावर मी वाद घालणार नाही. आजवर टिकलेलं नाव पुसून कितीही थोर माणसाचं नाव लिहिलं, तरी तो त्या माणसाचा मान होत नाही. गावाच्या डोक्याला मात्र ताप होतो.

मग बिननावाचं काय उरतं? भरपूर. डोंगर म्हणजे एक वस्तू नसते. त्याला सोंडा असतात, दांड असतात, कडे, नाळा, घळी, खिंडी, माच्या, टेपाडं, सुळके असतात. मुख्य माथ्याला नाव असलं तरी यातलं काहीतरी मोकळं सापडतं. आम्हाला सोंड मिळाली, आणि ती माथ्यापेक्षा बरी निघाली, कारण गुरुजी माथ्यावर कधी गेलेच नव्हते.

माणूस त्या डोंगराचा हवा

नाव देताना सगळ्यात आधी विचारायचं ते हे: या माणसाचं या जागेशी काय नातं? गाव मोठा मानतो म्हणून नव्हे, त्या उतारावर त्यानं काय केलं म्हणून.

अमेरिकेतल्या अलास्कातलं उदाहरण बघा. तिथल्या सर्वोच्च पर्वताला तिथले मूळ रहिवासी अथाबास्कन लोक 'डेनाली' म्हणत आले. १८९६ मध्ये सोनं शोधायला आलेल्या एकानं त्याला विल्यम मॅकिन्ली यांचं नाव दिलं. मॅकिन्ली तेव्हा अध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि अलास्कात त्यांनी जन्मात कधी पाऊल ठेवलं नाही. १९७५ मध्ये अलास्का राज्यानं डेनाली हे नाव परत मागितलं, ते मिळायला २०१५ उजाडलं, आणि २०२५ मध्ये वॉशिंग्टनहून हुकूम निघून पुन्हा मॅकिन्ली झालं. नात्याशिवाय दिलेलं नाव असं हेलपाटे खात राहतं.

उलट त्याच देशाच्या भौगोलिक नावांच्या मंडळाचा एक नियम आपण डोळे मिटून उचलावा असा आहे: माणूस जाऊन निदान पाच वर्षं झाल्याशिवाय त्याच्या नावाचा प्रस्ताव विचारात घ्यायचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नावांवरच्या बर्लिन परिषदेनंही २००२ मध्ये ठराव करून सुचवलं की हयात माणसांची नावं ठिकाणांना देऊ नयेत, आणि मृत्यूनंतर किती वर्षं थांबायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. आम्ही दुसऱ्याच वर्षी निघालो होतो. पाच वर्षं पुरी होईपर्यंत थांबलो, ते बरंच झालं. दुखवट्याच्या भरात सगळे हो म्हणतात. पाच वर्षांनी विचारलं तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजींनी माझ्या थोरल्याला दोनदा चौथीत बसवला." त्यांचंही ऐकून घ्यायचं असतं. पुढे ग्रामसभेत सूचक म्हणून तेच उभे राहिले, हा भाग वेगळा.

जागेशी असलेलं नातं एका पानावर लिहून काढा. कोणती वाट, किती वर्षं, कशासाठी, कुणी पाहिलं. हे पान पुढं प्रत्येक अर्जाला जोडायचं आहे, म्हणून त्यात विशेषणं घालू नका. 'थोर', 'आदर्श', 'दीपस्तंभ' हे शब्द गाळल्यावर पानावर काही उरत नसेल, तर माणूस चुकीचा निवडलाय किंवा जागा तरी.

नाव घडवायचं कसं

आपल्याकडं माणसांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जागा थोड्या नाहीत. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटरचं कळसूबाई, हे लोककथेप्रमाणं कळसू नावाच्या एका मुलीचंच नाव आहे. ती पाटलाच्या घरी कामाला राहिली ती एका अटीवर, की केरवारे आणि भांडी करणार नाही. एकदा पाहुणे आले आणि तेच काम तिच्या गळ्यात पडलं. तिनं ते केलं, आणि डोंगरावर निघून गेली ती परत आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. एका मोलकरणीच्या रागाला अख्खं शिखर आणि वर दोन जागा मिळाल्या! रायगडावर हिरकणीचा बुरूज आहे, ती गवळण. सिंहगडावरचा डोणागिरीचा कडा आता तानाजी कडा म्हणूनच ओळखला जातो.

ही नावं एकापाठोपाठ म्हणून बघा. कळसूबाई, हिरकणी, तानाजी. आडनाव एकालाही नाही. पदवी नाही, 'कै.' नाही, 'ह.भ.प.' नाही. एक नाव आणि पुढं जागेचा प्रकार, झालं. गावात आडनाव उच्चारलं की जात आणि भावकी दोन्ही दारात येऊन उभ्या राहतात, आणि मग डोंगर एका आळीचा होतो. शिवाय जीभ आळशी असते. चार अक्षरांपुढचं ती कापते, आणि काय कापायचं ते तुम्हाला विचारत नाही.

जागेचा प्रकार सांगणारा शब्द त्याच भागातला घ्या. तुमच्याकडं 'दांड' म्हणत असतील तर 'सोंड' लिहू नका. 'शिखर', 'गिरी', 'पर्वत' हे शब्द पाटीवर भारदस्त दिसतात, पण "दुपारी शेळ्या पर्वतावर नेल्या" असं कुणी म्हणत नाही. 'पॉइंट' हा शब्द तर महाबळेश्वरालाच ठेवा. तिथल्या लॉडविक पॉइंटचं आधीचं नाव सिडनी पॉइंट. १८२४ मध्ये डोंगर चढून आलेल्या लॉडविक या लष्करी अधिकाऱ्याच्या नावानं ते पुढं बदललं, आणि स्मारकाचा उंच खांबही उभा राहिला. म्हणजे साहेबानं साहेबाचंच नाव पुसलं. त्या दोघांच्या आधी त्या कड्याला तिथले लोक काय म्हणत, ते खांबावर नाही.

माणसाचं नाव न घेताही मान देता येतो, हेही ध्यानात असू द्या. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू आणि त्यांचे सोबती घोडखिंडीत पडले, आणि तिची पावनखिंड झाली. त्या नावात बाजी हे अक्षर नाही, पण ऐकणाऱ्याला दुसरं काही आठवत नाही. कथा मात्र तपासून घ्या. 'गड आला पण सिंह गेला' यावरून सिंहगड हे नाव पडलं असं आपण शाळेपासून ऐकतो, पण १६७० च्या लढाईआधीच्या पत्रव्यवहारातही ते नाव आढळतं. तुमच्या प्रस्तावात अशी ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून गेली, तर तपासणारा तिथंच बोट ठेवेल.

दोन-तीन पर्याय तयार झाले की ते मोठ्यानं हाक मारून बघा. खरंच. एकानं सोंडेवर उभं राहायचं, दुसऱ्यानं खालून ओरडायचं: "कुठं आहेस?" उत्तर एका दमात देता आलं तर नाव चांगलं. पंचक्रोशीत त्याच नावाची दुसरी जागा नाही ना, हेही बघा. कुणी वर अडकला आणि बचाव पथकाला फोन लागला, तर एका नावाच्या दोन सोंडा जिवावर बेततील.

जमीन कुणाची, हे आधी बघा

नाव उच्चारायला कुणाची परवानगी लागत नाही. खड्डा खणायला, दगड रोवायला, पाटी ठोकायला लागते. डोंगर वनखात्याचा असेल (बहुतेक असतोच), तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज करा आणि कायमचं बांधकाम डोक्यातून काढून टाका. वनजमिनीच्या वनेतर वापराला १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते, आणि एका चबुतऱ्यासाठी ती कुणी आणत बसत नाही. अभयारण्य असेल तर वर १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच.

किल्ला असेल तर आणखी जपून. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर बांधकामाला पूर्ण बंद, त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय बंद. स्मारकावर रंगानं किंवा छिन्नीनं नाव लिहिलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑइलपेंटचा डबा घेऊन वर जाणाऱ्या भावांनी हे वाक्य परत एकदा वाचावं. खासगी मालकीचा डोंगर असेल तर सातबारा काढा, आणि त्यावर जेवढी नावं असतील तेवढ्यांच्या सह्या घ्या.

घरच्यांचा होकार

लेखीच घ्या. सगळ्या मुलांचा, आणि मुलींचाही. भाऊ-भाऊ बोलत नसतील तर दोन वेगळ्या कागदांवर घ्या, पण घ्या. आणि नाव कोणतं लागणार ते नेमकं त्यात लिहा. आमच्या गुरुजींच्या धाकट्या मुलाला पूर्ण नाव हवं होतं, वडिलांच्या वडिलांसकट. त्यांना सोंडेवर नेलं आणि ते सगळं नाव खालून ओरडून दाखवलं. दुसऱ्या हाकेला ते हसायला लागले.

ग्रामसभा

सगळी खरी लढाई इथं होते. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव सोपा असतो, सात-नऊ सदस्यांत होऊन जातो, पण उद्या पॅनेल बदललं की तो रद्दही तितक्याच सोपेपणानं होतो. ग्रामसभेचाच करा.

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्याच लागतात; साधारण प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती यांच्या आगेमागे. महिनाभर आधी ग्रामसेवकांकडं अर्ज द्या. (पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं. नावं कशी टिकतात याचा हा दाखला कार्यालयातच बसलेला असतो.) अर्जाची पोच घ्या. 'ऐनवेळचे विषय' यात हा विषय कधीही घालू देऊ नका, कारण पुढं कुणी हरकत घेतली की पहिलं वाक्य तेच असतं, "आम्हाला सांगितलंच नव्हतं." गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातले जे कमी ते लागतात. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट नसते, आणि बरेच ठराव तेव्हाच उरकले जातात. तुमचा त्यात नको. शंभर माणसांसमोर झालेला ठराव ही त्या नावाची शंभर तोंडं असतात.

ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथं विषय मांडा. सरपणाला, पाण्याला त्याच उतारावरून जाणाऱ्या त्याच. अनुसूचित क्षेत्र (आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेलं) असेल तर पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते. मग आधी तिथं जा, खालच्या गावात नंतर. वरच्या वाडीला न विचारता खालच्या गावानं वरच्या डोंगराचं नाव ठेवायचं, हा उद्धटपणा आहे. आमच्याकडून तो होता होता राहिला, कारण वाडीतल्या एका तात्यांनी फोन करून विचारलं, "डोंगर आमच्या दारात, न् बारसं तुमच्या दारात काय?"

आणि आचारसंहिता लागायच्या बेतात असेल किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असेल, तर पुढच्या ग्रामसभेपर्यंत थांबा. नाहीतर नारळ फोडायला कोण येणार यावरच विषय संपतो.

ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून द्या. साधारण असा:

"विषय: गावाच्या पश्चिमेस, रांजण्या डोंगराच्या दक्षिण अंगाने वाडीकडे चढणाऱ्या सोंडेस नाव देणेबाबत. सदर सोंडेस आजवर स्वतंत्र नाव नसल्याची खात्री गाव व वाडीतील ज्येष्ठ ग्रामस्थांकडून करण्यात आली. रांजण्या या डोंगराचे नाव आहे तसेच राहील. या सोंडेवरून दररोज वाडीच्या शाळेत जाणाऱ्या गुरुजींच्या स्मरणार्थ तीस 'गुरुजींची सोंड' असे संबोधण्यात यावे. कुटुंबीयांची संमती सोबत जोडली आहे. सोंडेचा पायथा व माथा यांचे अक्षांश-रेखांश खाली नमूद आहेत. सूचक, अनुमोदक. ठराव सर्वानुमते मंजूर."

यातली दोन वाक्यं गाळू नका. मूळ डोंगराचं नाव तसंच राहील, हे एक. आणि अक्षांश-रेखांश. 'गावाच्या पश्चिमेस' एवढंच लिहिलंत तर वीस वर्षांनी कुठली सोंड यावरून भांडण होईल. मोबाइलवर आकडे मिळतात. पायथ्याला आणि माथ्याला उभं राहून घ्या, घरी बसून नकाशावरून नको. ठरावाच्या तीन साक्षांकित प्रती त्याच आठवड्यात काढून ठेवा. आमची एक प्रत एका कार्यालयात गेली आणि तिथंच विरली, दुसरीनं वाचवलं.

वरचे कागद, आणि ते किती मनावर घ्यायचे

ठरावाची प्रत तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवा, आणि एक सर्वेक्षण विभागाला. त्याचं मुख्यालय देहरादूनला आहे, पुण्यातही कार्यालय आहे.

अर्ज लिहिण्याआधी केंद्रीय गृह मंत्रालयाची १९५३ ची मार्गदर्शक सूत्रं माहीत असू द्या. ती मुळात गावं-शहरांची नावं बदलण्याबाबत आहेत, पण फाइल बघणाऱ्याच्या डोक्यात तीच असतात. त्यांचा रोख असा: खास कारण असल्याशिवाय लोकांच्या ओळखीचं नाव बदलू नये, इतिहासाशी जोडलेलं नाव शक्यतो हलवू नये, नुसता स्थानिक अभिमान किंवा भाषेचा आग्रह म्हणून, किंवा राष्ट्रीय नेत्याला आदर दाखवायचा म्हणून बदल करू नये, राज्यात आणि शेजारी त्याच नावाचं दुसरं ठिकाण असू नये, आणि बदल का हवा व हेच नाव का, याची सविस्तर कारणं द्यावीत. म्हणूनच तुमच्या अर्जात 'नामांतर' हा शब्द येता कामा नये. तुम्ही काही बदलत नाही आहात, मोकळ्या जागेला नाव देताय. एका शब्दानं फाइलची जात बदलते.

वरून ठरलेली नावं झपाट्यानं होतात, हे खरं. अंदमानातल्या माउंट हॅरिएटला एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पत्नीचं, हॅरिएट टायटलर यांचं नाव होतं. १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर महाराजा कुलचंद्र सिंह आणि त्यांच्या साथीदारांना तिथं बंदी म्हणून ठेवलं होतं, त्या स्मरणार्थ २०२१ मध्ये त्याचं माउंट मणिपूर झालं. हिमालयात आणखी एक पद्धत आहे: जे शिखर कुणी चढलेलं नाही, ते पहिल्यांदा चढणाऱ्यानं नाव सुचवायचं. २०२४ मध्ये अरुणाचलातल्या ६,३८३ मीटरच्या अशा शिखरावर दिरांगच्या गिर्यारोहण संस्थेचं पथक पोचलं, आणि त्यांनी त्याला सहावे दलाई लामा त्सांगयांग ग्यात्सो यांचं नाव दिलं. ते जन्मले तवांगच्या मुलखात, म्हणजे माणूस तिथलाच. तरी चीननं हरकत घेतली. सीमेवरच्या डोंगराचं नाव हा दोन देशांतला मामला होतो. आपल्या सोंडेला निदान परराष्ट्र खातं आडवं येत नाही.

गावपातळीवरून गेलेल्या अर्जाला उत्तर यायला वेळ लागतो. आमच्या अर्जाला अजून आलेलं नाही. दर सहा महिन्यांनी एक साधं स्मरणपत्र टाका, आणि तोवर पुढच्या कामाला लागा.

पाटी कुठं लावायची

वर नको. सोंड जिथं सुरू होते तिथं, गावठाणाच्या किंवा शाळेच्या जागेत, ग्रामपंचायतीच्या परवानगीनं. त्याच भागातल्या काळ्या दगडावर नाव, खाली दोन ओळी, बास. खर्च करणाऱ्याचं नाव पाटीवर नको, त्याला चहाला बोलवा.

नकाशात भरणं, पण सगळ्यात शेवटी

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो, आणि ट्रेकर वापरतात ती बरीच ॲप त्याच्यावरच चालतात. त्यात डोंगराच्या माथ्याला, सोंडेला, खिंडीला वेगवेगळे प्रकार आहेत. मुख्य नाव, मराठी नाव, पर्यायी नाव, जुनं नाव असे रकाने स्वतंत्र भरता येतात. गूगलच्या नकाशातही दुरुस्ती सुचवता येते, तिथं ती तपासून मग लागते. पण ओपनस्ट्रीटमॅपचा मूळ नियम असा की जमिनीवर जे आहे तेच नकाशात भरायचं. लोकांच्या तोंडी नसलेलं नाव आधी नकाशात घुसवायचं आणि मग "बघा, नकाशात आहे" म्हणायचं, ही चोरवाट आहे. तुमच्याआधी पुष्कळांनी ती वापरली आहे, म्हणूनच आज कित्येक डोंगरांवर गावाला ठाऊक नसलेली नावं झळकतात.

त्यामुळे ठराव झाल्यावर एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. त्या काळात नाव वापरात येईल असं बघा. शाळेची सहल त्या वाटेनं न्या, आणि त्या वाटेचं चित्र पोरांना काढायला सांगा. वाटाड्यांना सांगा की शहरातल्या मंडळींना नेताना हेच नाव घ्या. गुरुजींच्या स्मृतिदिनाला वाडीपर्यंत चालत जा. भाषणं नकोत, वर शाळेत जेवण करा.

मग तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणाला तरी विचारा. आम्ही दिवाळीनंतर गेलो, तेव्हा पायथ्याच्या ओढ्यात एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा खेकडे धरत होता. ठरावाच्या ग्रामसभेत तो असलाच तर आईच्या पदराआड असेल. सोंडेकडं बोट करून विचारलं, "काय रे, याला काय म्हणतात?"

त्यानं मान वर न करता सांगितलं, "मास्तरची सोंड."

ठरावात 'गुरुजींची' आहे. दगडावर 'गुरुजींची' कोरलंय. त्या रात्री मी नकाशात मुख्य नाव म्हणून 'मास्तरची सोंड' भरलं, आणि 'गुरुजींची सोंड' पर्यायी नावाच्या रकान्यात टाकलं.